टाकळीचा शंख आणि लिंगोचं गाणं

साल 1851. वैशाख सरत आलाय आणि तुम्ही साकोलीच्या गावतळ्याच्या पाळीवर उभे आहात. अंगात बंडी, डोक्याला मुंडासं. तळं आटून मधोमध हिरवट डबकं उरलंय, कडेच्या गाळाला हातभर भेगा पडल्यात. पन्नाशीचा एक कोहळी शेतकरी उकिडवा बसून तो गाळ बोटांत चुरतोय. तुम्ही जवळ जाता तसा तो मान वर करतो.

“कोणीकडं चालले जी?”

नागपूरला, तुम्ही सांगता. तो हातातली माती तुमच्या तळव्यावर ठेवतो. “ही कन्हार हाये. पानी धरून ठेवते. धान पायजे तं सिहारीत चाला.” मग बोट दाखवून तो सगळा शिवार वाचून दाखवतो. खोलगटात काळी चिकट कन्हार, तिच्यावर मोरांड, उताराला पिवळसर रेताड सिहार, टेकडीला टेकल्यावर दगडगोट्यांची बरडी. पाळ कुठं घालायची, पाणी सोडायचा तुडूम कुठं बसवायचा, पाणी जास्त झालं की सलंगावरून ते कोणत्या अंगानं सोडायचं, हे त्याला पावसाळ्यातलं वाहतं पाणी बघून कळतं. नवेगावचा प्रचंड बांध कोलू पाटील कोहळींनी घातला असं ही मंडळी सांगतात. अशा शेकडो तळ्यांनी या मुलखात भात पिकवलाय. कागदावर यातलं काही नाही. बाप पोराला पाळीवर नेतो आणि दाखवतो, एवढीच त्यांची शाळा.

पाळीला रचलेला दगडही हातात घेऊन बघा. तो पानापानांनी सुटतो, उन्हात अभ्रकासारखा चमकतो. पुढं भूवैज्ञानिक या खडकांच्या साऱ्या समूहाला याच गावाचं नाव देतील, ‘साकोली’. दीडशे कोटी वर्षांहून जुने खडक आहेत हे. यांत शंख नाही, शिंपला नाही, माशाचा काटा नाही. ते घडले तेव्हा पृथ्वीवर कवच घेऊन फिरणारा जीवच नव्हता. हे ध्यानात ठेवा, कारण ज्या माणसाला भेटायला तुम्ही निघालात तो दगडातला शंख शोधतोय.

धान्याच्या बैलगाडीत जागा मिळते. चुलबंदचं खोरं मागं पडतं, लाखनी येते, मग भंडारा. वैनगंगेचं पात्र उन्हाळ्यानं आकसलंय. या नदीच्या खोऱ्यात सोनझारी लोक लाकडी पाटीत वाळू धुऊन सोन्याचे कण वेगळे करतात. पाणी हलकं ते घेऊन जातं, जड ते मागं राहतं. निसर्गाचा हा नियम त्यांच्या मनगटात आहे. पलीकडं वाट सपाट होते, आणि शंभरेक किलोमीटरचा प्रवास संपता संपता सीताबर्डीची टेकडी दिसते. याच टेकडीवर नोव्हेंबर 1817 मध्ये भोसल्यांच्या आणि इंग्रजांच्या फौजा भिडल्या होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरात स्कॉटलंडमधल्या डन्स गावी स्टीफन हिस्लॉप जन्मले, तुम्ही भेटायला निघालात ते. गादीवर आता तिसरे रघूजी भोसले आहेत, सीताबर्डीला इंग्रज रेसिडेंट आहे, कामठीला मद्रास फौजेची छावणी आहे.

हिस्लॉप 1845 पासून इथं आहेत. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी. मराठी शिकले, शहरात शाळा काढली, बाजारात उभे राहून प्रवचनं करतात. त्यांचे सोबती रॉबर्ट हंटर वयानं सहा वर्षांनी लहान. आज दोघे पायी निघालेत, गावाच्या पश्चिमेला, टाकळीच्या माळाकडं. तुम्ही त्यांच्या मागं चालू लागा. खांद्यावरची पडशी घ्यायला कुणीतरी हवाच आहे, आणि पादरी साहेब विचारत नाहीत तुम्ही कोण.

माळ काळा आहे. काळ्या फत्तराचे गोटे, वाळलेलं कुसळी गवत, पायाखाली कुरकुरणारा मुरूम. हिस्लॉप चालताना समोर बघतच नाहीत, नजर जमिनीला खिळलेली. मग ते वाकतात. एका फिकट, कठीण दगडाच्या तुकड्यात पांढरं काहीतरी आहे. बोटाच्या पेरापेक्षा फार मोठं नाही. नखानं माती काढली तसा आकार उमटतो, फुगीर पोट, टोकदार शेंडा, गोल फिरलेली वेटोळी. गोड्या पाण्यातली गोगलगाय! हा डबक्यातला जीव काळ्या फत्तराच्या माळावर, दगडाच्या आत कसा आला?

हिस्लॉप तुमच्या हातात तो तुकडा देतात. थोडा वेळ घ्या, घाईनं परत देऊ नका. शास्त्रज्ञ शंख बघतात तेव्हा शेंडा वर धरतात, तोंड आपल्याकडं. बहुतेक सगळ्या गोगलगायींचं तोंड तेव्हा उजवीकडं येतं. या जातीचं मात्र डावीकडं. ‘फायसा’ हे तिचं नाव, आणि हा डावा वळसा ही तिची ओळख. आता तोच तुकडा उलटा करा, देवघरातला शंख धरतात तसा, शेंडा खाली. तोंड उजवीकडं गेलं! तुमच्या आजीनं आयुष्यभर ज्याची आस धरली असती तो दक्षिणावर्ती वळसा. लाखांत एखाद्या समुद्रशंखात सापडतो म्हणून पूजेत त्याचं मोल. इथं टाकळीच्या माळावर तो गोगलगायीच्या अख्ख्या जातीचा आहे. एकाचं डावं ते दुसऱ्याचं उजवं, आणि दोघांपैकी कुणाचीही चूक नाही. फक्त शंख कसा धरायचा हे दोघांनी वेगवेगळं ठरवलंय. पण एक गोष्ट दोघांनीही हेरलीय: वळसा बघायचा असतो, तो सगळीकडं सारखा नसतो. शंखाची पूजा करणाऱ्यानं शतकानुशतकं जे बारकाईनं न्याहाळलं तेच हा परदेशी माणूस भिंगातून बघतोय. माझ्या मते या दोन विद्यांची खरी गाठ पडली असेल तर ती अशा जागी.

हिस्लॉप आणि हंटर पुढचे किती तरी दिवस हा माळ पिंजून काढतात. फत्तराचा एक थर खाली, एक वर, आणि मधे जेमतेम काही इंच ते काही फूट जाडीचा गाळाचा थर. त्यात गोगलगायी, माशांचे खवले, भुंग्यांच्या पंखांची टणक झाकणं, बिया, फळं, लाकूड. सीताबर्डीच्या टेकडीतही तोच पट्टा त्यांना दिसतो. आज आपल्याला ही गोष्ट उलगडलीय. दख्खनच्या लाव्ह्याचा एक लोट येऊन थंडावला. पुढचा लोट यायला मधे हजारो वर्षं गेली. त्या उसंतीत खळग्यांत पाणी साचलं, तळी झाली, काठाला झाडं आली, पाण्यात गोगलगायी आल्या. मग पुन्हा आग आली आणि तळं झाकलं गेलं, जसंच्या तसं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ही कथा, डायनासोरांच्या अखेरच्या दिवसांतली. हिस्लॉप यांनी या थराचं वय बरंच कमी धरलं होतं, इओसीन काळातलं. पण ती तळी आहेत, समुद्र नाही, हे त्यांनी शंखांवरून पक्कं ओळखलं.

संध्याकाळी सीताबर्डीच्या व्हरांड्यात टेबलावर हे दगड मांडलेले असताना तुमच्या मनात एक प्रश्न येणारच. बायबलात सृष्टी सहा दिवसांत झाली. मग हा धर्मोपदेशक इतके जुने दगड इतक्या आनंदानं कसे गोळा करतो? त्याचं उत्तर त्यांच्या चर्चमध्येच आहे. फ्री चर्चचे पुढारी टॉमस चामर्स यांनी फार आधीच सांगितलं होतं की पहिल्या निर्मितीच्या आणि त्या सहा दिवसांच्या मधे वाटेल तेवढा काळ गेला असू शकतो. त्याच चर्चचं वर्तमानपत्र चालवणारे ह्यू मिलर स्वतः पाथरवटाचं काम केलेले, आणि दगडातल्या माशांवर लिहून घराघरांत पोचलेले. हिस्लॉप यांना जुन्या पृथ्वीची भीती वाटत नव्हती. त्यांना प्रत्येक थरात कर्त्याची सही दिसत होती.

आणि नागपुरातला एखादा शास्त्री त्या व्हरांड्यात येऊन बसला असता तर त्यालाही दचकायचं कारण नव्हतं. ब्रह्मदेवाचा एक दिवस, एक कल्प, 432 कोटी वर्षांचा. तो आकडा तो लहानपणापासून म्हणत आलाय. कोटींचा काळ युरोपला नव्यानं गिळायचा होता, आपल्याकडं तो संकल्पात रोज उच्चारला जात होता. पण आपल्या कोटींना दगडाचा आधार नव्हता. कोणता कल्प कोणत्या थरात, हे विचारायला कुणी माळावर गेलं नव्हतं. एकाकडं काळाचं मोठं माप होतं, दुसऱ्याकडं हातोडी. या दोघांचं एकमेकांशी आणखी बोलणं व्हायला हवं होतं, ते फार कमी झालं, याची मला आजही हळहळ वाटते.

पादरी आणि निसर्गविद्या म्हटलं की जगात चीनचा दाखला देतात. मातेओ रिची हे पादरी 1583 मध्ये चीनमध्ये शिरले. शू ग्वांगची या विद्वान अधिकाऱ्यासोबत बसून त्यांनी युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग चिनी भाषेत आणले, ते 1607 मध्ये छापले गेले. पुढं फेर्बीस्ट या दुसऱ्या पादऱ्यानं बीजिंगच्या वेधशाळेची यंत्रं नव्यानं घडवली. तिथली भेट दरबारातली होती. पंचांग कुणाचं बरोबर, ग्रहणाची घटका कुणी साधली, याचा निवाडा बादशहा करणार. तिथं दोन्हीकडं पंडित होते आणि दोघांचीही नावं इतिहासात राहिली. नागपूरला असा शू ग्वांगची मिळाला नाही. इथं एका बाजूला पंडित होता, दुसऱ्या बाजूला गाडीवान, दगड फोडणारे, गुराखी, वाटाडे. जीवाश्मांना नावं लागली ती साहेबांची. ज्यांच्या डोक्यावरून ते दगड आले त्यांची नाही.

आणि ही भेट नुसत्या कुतूहलाची नव्हती हेही बघून ठेवा. हिस्लॉप इथं धर्म बदलायला आले होते, ते त्यांनी कधी लपवलं नाही. बाजारातल्या प्रवचनात ते इथल्या देवांना खोटं म्हणत. शाळेतल्या एका मुलाच्या धर्मांतरावरून भोसल्यांच्या दरबाराशी मोठा खटका उडाला. त्या घरात काय आकांत झाला असेल याचा विचार करा, आणि मगच टेबलावरच्या शंखांचं कौतुक करा. हातोडी घेतलेला हात आणि प्रवचन करणारा हात एकाच माणसाचा.

आता दोन-तीन वर्षं ओलांडा. डिसेंबर 1853 मध्ये रघूजी गेले, वारस नाही म्हणून पुढच्या वर्षी डलहौसीनं राज्य खालसा केलं. त्या धामधुमीतही दगड येतच आहेत. नागपूर राज्याच्या भूरचनेवर हिस्लॉप यांचा लेख 1853 मध्ये मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. दक्षिणेकडच्या मांगली गावच्या लाल दगडातून एक रुंद, चपटी कवटी निघाली. ती लंडनला गेली, शरीररचनेचे अभ्यासक रिचर्ड ओवेन यांनी 1855 मध्ये तिचं वर्णन केलं आणि नाव दिलं ‘ब्रॅकिऑप्स’. बेडकाच्या दूरच्या नात्यातला, सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याहून प्रचंड सरड्यांची हाडं मिळाली, ज्यांना आपण आता डायनासोर म्हणतो. कामठीच्या वालुकाश्मातून पानं निघाली, जिभेसारखी लांबट, मधे ठळक शीर. ग्लॉसोप्टेरिस. कामठीचा दगड तुम्हाला ठाऊक असेल, घरांच्या पायऱ्यांना लावतात तो. त्यातलं हे पान पुढं आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, अंटार्क्टिकातही सापडलं, आणि हे सगळे भूखंड कधीकाळी एकत्र होते या विचाराचा ते मोठा पुरावा ठरलं. त्या जोडलेल्या महाखंडाला नाव मिळालं गोंडवन. या मुलखाचं, इथल्या गोंडांचं.

त्या गोंडांकडंच आता तुम्हाला जायचंय, आणि इथं मी तुम्हाला सावकाश नेणार आहे.

थंडीचे दिवस. गावाच्या कडेला, मोहाच्या झाडाखाली, एक परधान किंगरी घेऊन बसलाय. परधान म्हणजे गोंडांचे गाणारे, वंशावळ्या आणि देवांच्या कथा तोंडपाठ ठेवणारे. समोर हिस्लॉप, मांडीवर कागद. आज प्रवचन नाही. आज ते ऐकतायत. परधान गातो, थांबतो, पुन्हा तीच ओळ म्हणतो, कारण साहेबाला उच्चार नीट उतरवायचाय. तुम्ही गोंडी जाणत नसाल तर शेजारच्या माणसाला विचारा, तो मराठीत सांगेल.

कथा अशी. गोंड जन्मले आणि रानात जे मिळेल ते खात सुटले. महादेव रागावले, त्यांनी गोंडांना एका गुहेत कोंडलं आणि तोंडावर भलीमोठी शिळा लोटली. चौघे तेवढे निसटून काचीकोपा लोहागडला गेले. मग लिंगो आला. त्यानं त्या चौघांना झाडं तोडून शेत करायला शिकवलं. धान उगवलं आणि नीलगायींनी ते तुडवलं. पुढं लिंगो महादेवाकडं गेला. सापानं ज्याची पिल्लं खाल्ली होती त्या महापक्ष्याची नवी पिल्लं त्यानं सापाला मारून वाचवली, आणि गुहेवरची शिळा बाजूला झाली. गोंड बाहेर आले, तर पाऊस कोसळला, नदीला पूर आला. मगरीनं पाठीवर घेऊन दगा दिला, कासवानं पैलतीरी नेलं.

साकोलीच्या माणसाला या कथेत अनोळखी काय आहे? धानाच्या बांधीत घुसलेली नीलगाय त्यानं काल हाकललीय. पावसाळ्यात फुगलेली चुलबंद त्यानं बघितलीय. पूर्वी भंडारा जिल्ह्यात असलेल्या आणि 1999 पासून गोंदियात गेलेल्या सालेकसा तालुक्यात कचारगडची विशाल गुहा आहे. गोंड समाज तीच लिंगोची गुहा मानतो आणि माघ पौर्णिमेला लाखोंनी तिथं जमतो. हे गाणं म्हणजे या रानाची, इथल्या पाण्याची, पिकांची आणि प्राण्यांची पिढ्यान्‌पिढ्या जपलेली समज आहे. कोणता प्राणी कसा वागतो, शेती कशी सुरू झाली, माणूस दगडातून उजेडात कसा आला.

हिस्लॉप यांच्या मनात ते उतरवताना काय हेतू होता? गोंडांपर्यंत पोचायचं, त्यांच्यात प्रचार करायचा, हा होताच. पण त्यांनी गाण्यात काटछाट करून बायबलाला जुळवलं नाही. ऐकलं तसं लिहिलं. टाकळीला थर जसा दिसला तसा मांडला, इथं ओळ जशी आली तशी. दगड आणि गाणं, दोन्हीपुढं ते सारख्याच सचोटीनं बसले, म्हणून मला हा माणूस मोलाचा वाटतो.

शेवटचा प्रवास सप्टेंबर 1863 चा. नागपूरच्या दक्षिणेला, बुटीबोरीकडचं टाकळघाट. इथं माळावर दगडांची वर्तुळं आहेत, लोहयुगातल्या माणसांची दफनं. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल आणि हिस्लॉप ती बघायला, उकरायला आलेत. पुढं शंभरेक वर्षांनी, 1968 मध्ये, पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या देखरेखीखाली इथं रीतसर उत्खनन होईल. दिवस 4 सप्टेंबर. टेंपल पुढं निघून गेलेत. हिस्लॉप गावची शाळा तपासायला मागं थांबलेत. तुम्ही शाळेच्या दाराशी उभे राहून बघा. पोरं मोठ्यानं वाचतायत, साहेब एकेकाला पुढं बोलावून प्रश्न विचारतायत, आणि आभाळ काळं होत चाललंय. ते घोड्यावर बसतात तेव्हा दिवस मावळतीला लागलाय. वाटेत बोरी नदीचा ओढा आहे, सकाळी घोटाभर पाण्यातून ओलांडलेला. आता तो फुगलाय. तुम्हाला ओरडून थांबवावंसं वाटेल, पण तुमचा आवाज तिकडं पोचणार नाही. घोडा एकटाच मुक्कामावर आला. हिस्लॉप बुडाले. चार दिवसांनी त्यांना सेहेचाळीस वर्षं पूर्ण होणार होती.

घरी कागदांचे गठ्ठे होते, अर्धे लिहिलेले. टेंपल यांनी ते घेतले, लावले आणि 1866 मध्ये छापले. त्यात लिंगोचं गाणं आहे, मूळ गोंडी शब्द आणि इंग्रजी अर्थ. 1883 मध्ये नागपुरात त्यांच्या नावाचं कॉलेज सुरू झालं, ते आजही चालू आहे. हंटर मायदेशी परतून पुढं मोठ्या शब्दकोशाचे संपादक झाले. कोहळ्यांच्या तळ्यांवर मात्र त्या काळात कुणी असा टाकळीसारखा निबंध लिहिला नाही. ज्या माणसानं तुम्हाला साकोलीच्या पाळीवर माती ओळखायला दिली त्याची विद्या तोंडीच राहिली, आणि मालगुजारी गेल्यावर तळी सरकारजमा झाली तशी तीही पुसट होत गेली. तुमच्या गावात अजून सलंग आणि तुडूम हे शब्द वापरणारा कुणी म्हातारा असेल तर वही घेऊन त्याच्यापाशी बसा. त्याला हवं तितक्या वेळा तीच गोष्ट सांगू द्या.

आणि नागपूरला गेलात तर टाकळीला जा. ती आता शहरात आहे, सेमिनरी हिल्सच्या बाजूला. माळावर घरं झाली, रस्ते झाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालयही त्याच परिसरात आहे. एखाद्या इमारतीचा पाया खणलेला दिसला तर कडेनं बघा. काळ्या फत्तराच्या दोन थरांमध्ये फिकट, कठीण, गारेसारखा पट्टा दिसला तर थांबा. साधं दहापट दाखवणारं भिंग पुरतं. उन्हात दगड तिरपा धरा, पांढरे ठिपके शोधा. वेटोळं दिसलं तर उकरू नका. आधी फोटो काढा, जागा लिहून ठेवा, आणि सर्वेक्षणाच्या किंवा विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाच्या माणसाला त्याच दिवशी कळवा, कारण उद्या तिथं काँक्रीट पडणार आहे.